रिसर्च सिक्युरिटी, सायबर सुरक्षा आणि ऑफिसातलं मानसशास्त्र: ही तज्ज्ञ माणसं येतात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रकल्प विभागात आहे. करार, निविदा, परदेशी पाहुण्यांची कागदपत्रं हे रोजचं काम. सुरक्षेवरच्या कार्यशाळांना येणाऱ्या तज्ज्ञांची ओळख करून द्यायचं कामही हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. त्यासाठी त्यांचे बायोडेटा वाचते, आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा खोदून विचारते, कारण कामाची गोष्ट बहुतेक वेळा बायोडेटात नसतेच. चवथीला घरी गेलं की भाचरं आणि त्यांचे आईबाप तेच प्रश्न घेऊन बसतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

तीन वेगळी क्षेत्रं आहेत. एकाच पानावर का?

आमच्या पर्चेस सेक्शनमधली गोष्ट सांगते. रसायनं पुरवणाऱ्या एका जुन्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला: आमची बँक बदलली, पुढचं बिल नव्या खात्यावर पाठवा. लेटरहेड बरोबर, निविदेचा नंबर बरोबर, खालची सही बरोबर. फक्त मेलच्या पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही अक्षरं शेजारी शेजारी होती. छोट्या लिपीत ती जोडी हुबेहूब 'एम'सारखी दिसते. टेबलावरच्या मुलीला काहीतरी खटकलं, पण दीड दिवस ती गप्प बसली. मग जुन्या चलनावरचा नंबर शोधून तिने फोन लावला आणि पैसे वाचले.

नंतरच्या बैठकीला तिघे होते. सायबरवाल्याने मेलचं हेडर उघडलं, तो कुठल्या सर्व्हरवरून निघाला आणि तो खोटा डोमेन कधी नोंदवला ते काढलं. रिसर्च सिक्युरिटीच्या बाईंनी विचारलं, निविदेचा नंबर आणि प्रकल्पाचं नाव बाहेर गेलं कसं, आणि त्याबरोबर आणखी काय काय गेलं? मानसशास्त्राच्या माणसाचा एकच प्रश्न होता: ती दीड दिवस गप्प का बसली? याचं उत्तर खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आदल्या महिन्यात तिने असंच काही विचारलं तेव्हा "एवढंसुद्धा कळत नाही?" असं तिला चारचौघांत ऐकावं लागलं होतं.

भोक एकच, तिघांना ते तीन बाजूंनी दिसलं. म्हणून एक पान.

रिसर्च सिक्युरिटी हे नावच आम्ही पहिल्यांदा ऐकतोय. म्हणजे नक्की काय?

संशोधन चोरीला जाऊ नये, नको त्याच्या हाती पडू नये, आणि आपण कोणाबरोबर काय करतोय हे लपवलं जाऊ नये, यासाठीची व्यवस्था. प्रयोगशाळेच्या दारावरचा वॉचमन हा तिचा अगदी छोटा भाग. मोठा भाग कागदाचा असतो: करारात काय लिहिलंय, पैसा कुठून आला, पाहुणा मूळ कुठल्या संस्थेचा, तो जाताना काय घेऊन गेला.

परदेशात हे नाव गेल्या काही वर्षांत रुळलं. अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये याबद्दल राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. वर्षाला ५ कोटी डॉलरच्या वर सरकारी संशोधन निधी घेणाऱ्या संस्थांनी स्वतःचा सुरक्षा कार्यक्रम ठेवावा, असं त्यात आहे. सायबर सुरक्षा, परदेश प्रवास, प्रशिक्षण आणि निर्यात नियंत्रण हे त्याचे चार भाग. कॅनडाने त्याच वर्षी जुलैमध्ये संशोधन भागीदारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्याकडे या नावाचं टेबल क्वचित दिसतं, पण काम जुनंच आहे आणि ते पाच-सहा कायद्यांत विखुरलेलं आहे. मांडवी-झुवारीच्या गाळातले जिवाणू परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचे तर २००२ चा जैवविविधता कायदा आडवा येतो. परदेशी देणगीला २०१० चा एफसीआरए कायदा. ज्या वस्तूंचा नागरी आणि लष्करी असा दोन्ही उपयोग होतो त्यांना स्कोमेट, म्हणजे सरकारची निर्यात नियंत्रणाची यादी लागू. या यादीत तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअरही येतं. ईमेलला जोडलेलं एखादं ड्रॉइंगसुद्धा निर्यात ठरू शकतं, हे सांगितलं की आमचे शास्त्रज्ञ चहाचा कप खाली ठेवतात.

याची डिग्री कुठे मिळते?

'रिसर्च सिक्युरिटी' असं छापलेली डिग्री असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. जे भेटले ते तीन-चार वाटांनी आलेले. काही माझ्यासारखे, संस्थेच्या प्रशासनातून: पंधरा वर्षं करार आणि अनुदानाच्या फायली वाचून कुठल्या ओळीत पाणी मुरतंय ते ओळखणारे. काही वकील, बौद्धिक संपदेचे किंवा निर्यात कायद्याचे. काही सैन्यातून वा गुप्तचर कामातून निवृत्त. आणि थोडे शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा सोडून इकडे वळलेले.

मला विचाराल तर शेवटचे सगळ्यात उपयोगी. माझ्यासमोर एका बाईंनी उपकरणांची यादी वाचता वाचता बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा एक पंप वगळला तर बाकी सगळं निर्धास्तपणे शेअर करा. मी ती यादी शंभरदा पाहिलेली. पीएचडी रसायनशास्त्रात केलेल्या माणसाला पंपाचं अस्तर कशाचं आहे हे विचारावंसं वाटतं. मला मात्र तो नुसता एक पंप दिसला होता.

पोलीस किंवा नेव्हीतून निवृत्त झालेला अधिकारी नेमला की काम झालं ना? गोव्यात तर ते भरपूर.

भरपूर आहेत खरे. दाबोळीला आयएनएस हंसा, वेरेंला नौदलाचं वॉर कॉलेज, वास्कोला गोवा शिपयार्ड. निवृत्तीनंतर इथेच घर बांधणारे अधिकारी कमी नाहीत. शिस्त, नोंदी ठेवायची सवय, संकटात डोकं शांत ठेवणं, या गोष्टी ते घेऊनच येतात. कोण काय बघू शकतं याची पायरी-पायरीची व्यवस्था त्यांच्याइतकी नीट कोणी लावत नाही.

पण संशोधन संस्था म्हणजे छावणी नव्हे. तिथे माहिती वाटणं हेच काम असतं, शोधनिबंध छापला नाही तर माणसाची बढती अडते. निव्वळ तपासाच्या नजरेने विद्यापीठाकडे पाहिलं की काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. तिथल्या न्याय खात्याने २०१८ मध्ये चीनशी संबंधित हेरगिरी शोधण्याची मोहीम सुरू केली. एमआयटीचे प्राध्यापक गँग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली आणि साधारण वर्षभराने सगळे आरोप मागे घेतले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोहीमही गुंडाळली. त्याच काळात हार्वर्डचे चार्ल्स लीबर मात्र चीनशी असलेले संबंध सरकारी अधिकाऱ्यांपासून लपवल्याबद्दल दोषी ठरले. म्हणजे धोका खोटा नव्हता, पण चूक कागद न भरल्याची की देश विकल्याची, यातला फरक कळायला विद्यापीठाचं पाणी प्यायलेला माणूस शेजारी बसवावा लागतो.

सायबर सुरक्षेचा तज्ज्ञ म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरच असणार?

बरेचसे असतात, सगळे नसतात. या क्षेत्रातली माझी सगळ्यात आवडती कथा एका खगोलशास्त्रज्ञाची आहे. १९८६ साली क्लिफर्ड स्टोल अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत होते. त्यांच्या संशोधनाचं अनुदान संपलं, म्हणून त्यांना संगणक विभागात बसवलं. पहिलं काम मिळालं हिशेबाचं: संगणक वापराच्या खात्यात ७५ सेंटचा फरक येतोय, तो कुठून ते पाहा. ७५ सेंट! आपल्याकडे अकाउंट्सवाल्याने किरकोळ म्हणून पुढे ढकललं असतं.

स्टोल यांनी ढकललं नाही. कोणीतरी नऊ सेकंद फुकट वापरले होते. त्या नऊ सेकंदांचा माग काढत ते महिनोन्महिने बसले, येणाऱ्या प्रत्येक कळीची छापील नोंद ठेवत. शेवटी धागा जर्मनीतल्या हॅनोव्हरला मार्कुस हेस नावाच्या माणसापर्यंत पोहोचला. तो अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून माहिती केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संस्थेला विकत होता. फोन लाइनचा माग लागायला तो बराच वेळ जोडलेला राहणं गरजेचं होतं. म्हणून स्टोल यांनी संरक्षण प्रकल्पाच्या नावाने खोट्या, लांबलचक फायली तयार करून ठेवल्या. हेस त्या उतरवून घेत बसला आणि सापडला.

खगोलशास्त्रज्ञाला नोंदवही ठेवायची सवय असते, आणि आकडा जुळला नाही की झोप येत नाही. कोडिंग शिकवता येतं. ही खोड शिकवता येते का, मला शंका आहे.

मला भेटलेल्या सायबरवाल्यांत नेटवर्कच्या केबल ओढण्यापासून सुरुवात केलेले आहेत, बँकेच्या ऑडिटमधून आलेले आहेत, एक गणिताचा मास्तर आहे आणि एकजण कॉलेज अर्धवट सोडलेला. मात्र तिथेही सगळे एकच काम करत नाहीत. यंत्रणा फोडून दाखवणारा वेगळा, रात्रभर लॉग, म्हणजे संगणकांवरच्या हालचालींच्या नोंदी पाहणारा वेगळा, घटना घडून गेल्यावर हार्ड डिस्कवरचे ठसे उचलणारा वेगळा, धोरण लिहिणारा वेगळा. "सायबरवाला बोलवा" म्हणणं म्हणजे नुसतं "डॉक्टर बोलवा" म्हणण्यासारखं. दाढ दुखत असताना हाडांचा डॉक्टर येऊन बसतो.

सायबरवाल्यांच्या नावापुढे प्रमाणपत्रांची अक्षरं असतात, त्यांचं काय समजायचं?

थोडक्यात सांगते. सीआयएसएसपी असेल तर माणसाने किमान पाच वर्षं प्रत्यक्ष काम केलेलं असतं. पदवी असल्यास त्यातलं एक वर्ष माफ होतं. नुसती परीक्षा पास होऊन ती अक्षरं लावता येत नाहीत. ओएससीपीची परीक्षा प्रात्यक्षिक आहे, जवळजवळ २४ तास सलग बसून यंत्रणा फोडायच्या आणि मग अहवाल लिहायचा. सीआयएसए ही ऑडिटवाल्यांची. सीईएच आणि सिक्युरिटी प्लस ही सुरुवातीची पायरी. वाईट नाहीत, पण तेवढ्यावर 'तज्ज्ञ' छापलेलं व्हिजिटिंग कार्ड आलं तर मी चहा देते आणि पुढचे प्रश्न विचारते.

माझा ठरलेला प्रश्न: सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेला, घटना कळवायची मुदत किती? एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तास, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. भारतात काम करणाऱ्याला हे झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं. एका पाहुण्यांनी "आठवडाभर तरी असेल" म्हटलं होतं. फी मात्र त्यांनी आगाऊ घेतली होती.

मानसशास्त्रज्ञाचं इथे काय काम? आम्ही वेडे आहोत का?

हा प्रश्न हसत विचारतात, पण विचारतात नक्की. गोव्यात मानसशास्त्र म्हटलं की डोळ्यांपुढे बांबोळीची मनोरुग्ण संस्था येते, त्यामुळे घोटाळा होतो. माणसावर उपचार करणारा तो क्लिनिकल. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. संघटनात्मक मानसशास्त्रवाला उपचार करत नाही. तो कामाची जागा तपासतो: निवड कशी होते, हुकूम कसा खाली जातो, चूक झाली की ती वर कशी येते किंवा मध्येच कशी मुरते.

गोव्यातलं जवळचं उदाहरण देते. १९८१ च्या डिसेंबरमध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली, आणि आज ते सगळं काम वास्कोच्या सडा भागातल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतं. मैत्री किंवा भारती या तिथल्या आपल्या केंद्रांवर हिवाळा काढायला जाणाऱ्यांची शारीरिक तपासणी होते, तशी मानसिक तपासणीही होते. लांबलचक रात्र, महिनोन्महिने ठरावीक वीस-पंचवीस तोंडं आणि परत यायला जहाज नाही. तिथे कोणाचं कोणाशी जमेल हा जनरेटरइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो.

मग मानसशास्त्रवाले सुरक्षेत कसे आले?

चुकांचा अभ्यास करता करता. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं नाव या लोकांच्या तोंडी कायम असतं. त्या आधी इंजिनिअर होत्या, अमेरिकी वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्याकडे काम केलेल्या. नंतर त्यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधं देण्यातल्या चुका मोजल्या, आणि उलटंच दिसलं: ज्या वॉर्डांतली टीम चांगली, तिथे चुकांच्या नोंदी जास्त. टीम चांगली असल्यामुळे तिथली माणसं चूक कबूल करत होती. बाकीच्या वॉर्डांत तीच चूक चादरीखाली जात होती. आमच्या पर्चेसमधल्या मुलीचा दीड दिवस आठवा.

दुसऱ्या अँजेला सासे. त्यांनी शेफिल्डला व्यावसायिक मानसशास्त्र केलं आणि मग संगणकशास्त्रात पीएचडी. १९९९ मध्ये त्यांनी आणि अ‍ॅन अ‍ॅडम्स यांनी पासवर्डवर निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा की लोक मूर्ख म्हणून नियम मोडत नाहीत. नियमच असे असतात की काम करायचं तर ते मोडावे लागतात. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावा, माणूस तो लिहून ठेवणारच. आमच्याकडे तो कालनिर्णयच्या मागच्या बाजूला असायचा. मार्च आला की मार्च लिहायचं, पुढे वर्ष लिहायचं, झाला पासवर्ड. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असंच सांगितलं. आमच्या सिस्टीमवर ती सक्ती त्यानंतरही बराच काळ होती.

आणि हे फक्त क्लार्कांपुरतं नाही. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या संरक्षण संशोधनातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळख वाढवून त्यांच्याकडून गोपनीय माहिती काढली गेली, असा आरोप आहे. त्या आरोपात कुठेही फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची संरक्षक भिंत, फुटलेली नाही.

या तिघांचं आपसांत पटतं का?

सुरुवातीला नाही. सायबरवाल्याला वाटतं मानसशास्त्रवाला गप्पा मारतो. मानसशास्त्रवाल्याला वाटतं सायबरवाल्याने माणूस हा शब्द 'युजर' म्हणूनच वाचलाय. रिसर्च सिक्युरिटीवाला दोघांकडून लेखी मागतो, म्हणून दोघांनाही नकोसा. एकदा आमच्याकडे खोट्या मेलची चाचणी घ्यायची ठरली, म्हणजे आपणच फसवा मेल पाठवायचा आणि कोण फसतं ते पाहायचं. सायबरवाल्याला क्लिक करणाऱ्यांची यादी नोटीस बोर्डावर लावायची होती. मानसशास्त्रवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, यादी लावाल त्या दिवसापासून खराखुरा फसवा मेल आला तरी तुम्हाला कोणी कळवणार नाही. यादी लागली नाही. त्याऐवजी कळवणाऱ्यांची संख्या मोजायची ठरली. दोघे अजून एकमेकांना फोन करतात, बहुतेक भांडायलाच.

मुलगी बारावीला आहे. गोव्यात राहून यातलं काही करता येईल?

सायबरसाठी येईल. फर्मागुडीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज १९६७ पासून आहे. त्याच्याच आवारात २०१६ मध्ये आयआयटी सुरू झाली. कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ. राष्ट्रीय न्यायसहाय्यक विज्ञान विद्यापीठाचा एक परिसरही आता गोव्यात आहे. डिजिटल पुराव्यांत रस असेल तर तिथली चौकशी करा. चालू वर्षी कोणता अभ्यासक्रम आणि किती जागा, हे त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकातच पाहा, शेजारच्या काकांच्या सांगण्यावर जाऊ नका. मानसशास्त्राची बीए इथे होते, पण संघटनात्मक शाखेत पुढे जायचं तर बहुतेकांना पुणे, मुंबई किंवा बंगळूर गाठावं लागतं.

मुलीला सायन्स आवडत असेल तर सायन्सच करू द्या. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत गाळ चाळण्यात पाच वर्षं गेलेली मुलगी उद्या रिसर्च सिक्युरिटीत आली, तर ती माझ्यापेक्षा फार पुढून सुरुवात करेल.

वय ४५. बँकेत ऑडिटला आहे. आता वळता येईल?

तुमच्यासारख्यांना तर हाक मारून बोलवायला हवं. आकडा जुळेना तर झोप येते का, एवढंच सांगा.

माणूस बोलवण्याआधी बायोडेटात काय पाहायचं?

पहिलं पान सोडून द्या. तिथे परिषदा, पुरस्कार आणि मंत्र्यांबरोबरचा फोटो असतो. शेवटच्या पानावर जा आणि पहिली नोकरी पाहा. माणूस पहिल्या नोकरीत जे शिकतो त्याच चष्म्यातून पुढे सगळं पाहतो, असा माझा अनुभव आहे. पोलिसातून आलेला संशयित शोधतो, ऑडिटमधून आलेला नोंद शोधतो, प्रोग्रामर बग शोधतो, वकील सही शोधतो. यात चूक कोणीच नाही, फक्त आपल्या दुखण्याला कोणता चष्मा हवा ते आधी ठरवा. ऑफिसातली माणसं बोलायलाच घाबरत असतील तर आणखी एक फायरवॉल घेऊन काही होणार नाही.

मग फोनवर विचारा: तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगा. तिन्ही क्षेत्रांत मला जे खरोखर चांगले वाटले ते याचं उत्तर लगेच देतात, तपशीलवार, कधीकधी नको इतकं. ज्यांच्याकडून "तशी काही झाली नाही" असं आलं, त्यांना मी पुन्हा फोन केलेला नाही. आमच्या रिसर्च सिक्युरिटीच्या बाईंनी सांगितलं होतं की एका परदेशी विद्यार्थ्याचा परवाना त्यांनी नावाच्या स्पेलिंगवरून चुकीच्या यादीत शोधला आणि त्याचं अख्खं सत्र वाया घालवलं. तेव्हापासून त्या प्रत्येक नाव दोनदा, पासपोर्ट समोर ठेवून तपासतात.

पगार?

खूप फरक असतो. सायबरला सगळ्यात जास्त मागणी, रिसर्च सिक्युरिटीला सगळ्यात कमी जागा.

मला व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' केलंय. या तिघांपैकी कोणाला विचारू?

हा प्रश्न या पानाचा नाही, पण माझ्या मावशीने चवथीच्या आरतीनंतर मला कोपऱ्यात घेऊन हाच विचारला, म्हणून इथे ठेवते. कोणालाच नाही. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही. कॉल बंद करा, पैसे पाठवू नका. आधीच गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि घरात सांगा. मावशीने तीन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.